वेलीचं सेवापुस्तक

ज्या झाडाला कात्री लावण्याआधी त्याचा वर्ग विचारावा लागतो असं झाड मला साठी उलटल्यावर, थेट इंग्लंडात भेटलं. पुण्यात आमच्या सोसायटीत मधुमालती आहे. ती फार माजली की माळी येतो, हाताला येईल तिथे कापतो, चहा पितो आणि जातो. मधुमालती महिन्याभरात पुन्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरते. कुणी कुणाला काही विचारत नाही. क्लेमॅटिसचं तसं नाही. तिच्या छाटणीआधी पुस्तक उघडावं लागतं, आणि पुस्तकात सुरुवातीलाच बजावलेलं असतं की क्लेमॅटिसचे तीन वर्ग आहेत : वर्ग एक, वर्ग दोन आणि वर्ग तीन.

हे वाचून मला परदेशात प्रथमच माहेरी आल्यासारखं वाटलं. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत मी उभी हयात काढली आहे.

तिकडे जाण्याचं कारण बाग नव्हतं. लेकीचं बाळंतपण मार्चात होतं, म्हणून आम्ही दोघं फेब्रुवारीतच वोकिंगला जाऊन पोचलो. हिच्याकडे कामांची रांग लागलेली. डिंक तळायचा, अळीव भिजवायचे, खारकांची पूड करायची. माझ्याकडे काम एकच, कुणाच्या पायात न येणं. आणि त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात मला तेही जमेना. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, मागे क्लेमॅटिसच्या तीन वेली आहेत. आधीच्या मालकीणबाईंनी लावलेल्या. फेब्रुवारीत छाटतात म्हणे. बघता का जरा?"

"बघतो काय, करून टाकतो," मी म्हणालो. हिनं आतून "झालं!" असं म्हटलेलं मला ऐकू आलं.

फेब्रुवारीतली क्लेमॅटिस म्हणजे सुतळीचा उलगडलेला गुंडा. जिवंत कोणती आणि मेलेली कोणती, हे वेलीलाही माहीत नसावं. तरी मी खुर्ची टाकून नियम वाचून काढले. वर्ग एकच्या वेली वसंतात, गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्यांना हात लावायचा नाही. फारच हातपाय पसरले तर फुलं संपल्यावर, बेतानं, चार फांद्या कमी करायच्या. वर्ग दोनच्या वेली मे-जूनमध्ये ताटलीएवढी फुलं देतात. त्यांचं फेब्रुवारीत फक्त वाळलेलं काढायचं आणि शेंडे खालच्या चांगल्या डोळ्यांच्या जोडीपर्यंत आणायचे. वर्ग तीनच्या वेली उशिरा, नव्या फुटीवर फुलतात. त्यांना दरसाल जमिनीपासून फूटभर ठेवून सरसकट कापायचं. वरच्याला हात नाही, मधल्याला समज, खालच्यावर कुऱ्हाड. ज्या तत्त्वावर मी आयुष्यभर कचेरी चालताना पाहिली ते वनस्पतिशास्त्रातून आलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अडचण एकच होती. वर्ग कळायचा तर फूल दिसलं पाहिजे. फूल दिसायचं तर छाटणी बरोबर झाली पाहिजे. छाटणी बरोबर व्हायची तर आधी वर्ग कळला पाहिजे. रहिवासाच्या दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासाचा दाखला मागताना आम्ही लोकांना किती हसतमुखानं परत पाठवलं होतं! ते सगळे लोक मला त्या थंडीत एकेक करून आठवले.

मालकीणबाईंनी प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी नावाची प्लास्टिकची पट्टी खोचली होती खरी. पण पावसानं दोन पट्ट्या कोऱ्या केल्या होत्या आणि तिसरीवर शेवटचं एक अक्षर उरलं होतं, बहुधा 'आर'. एवढ्या पुराव्यावर मी एकेकाळी निवृत्तिवेतनाची प्रकरणं मार्गी लावली आहेत. तीन वेली, तीन वर्ग, म्हणजे प्रत्येकी एक असणार असं धरून मी वहीत तीन पानं आखली. दाराजवळच्या वेलीला इतक्या थंडीतही हिरवी पालवी फुटलेली होती. सर्वांच्या आधी हजर, म्हणून तिला वर्ग एक. शेडवर चढलेली ती वर्ग दोन. कचऱ्याच्या पेट्यांमागे सावलीत कुढत बसलेली ती अर्थातच वर्ग तीन.

कुंपणापलीकडच्या साहेबांचं मत घ्यावं म्हणून मी हाक मारली. वय ऐंशीच्या घरात, डोक्याला लोकरी टोपी, हातात कायम मग. आधी हवेबद्दल बोलणं झालं. मग मी विचारलं, "ह्या वेली छाटाव्यात का?"

"तसं ते अवलंबून आहे," साहेब म्हणाले.

"कशावर?"

"बऱ्याच गोष्टींवर."

हा गृहस्थ मंत्रालयात असता तर सचिव होऊन निवृत्त झाला असता. मग त्यांनी अभिमानानं सांगितलं की जगातली सगळ्यात प्रसिद्ध क्लेमॅटिस, जांभळी 'जॅकमनाय', ह्याच वोकिंगमध्ये जॅकमन मंडळींच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून निघाली. सांगण्याचा थाट असा, की संकराच्या वेळी हे स्वतः मग घेऊन कुंपणाशी उभे होते. छाटणीचं उत्तर मात्र मिळालं नाही.

तेव्हा मी घरच्या तज्ज्ञाकडे वळलो. माझे साडू तासगावचे, तीन एकर द्राक्षबाग. व्हिडिओ कॉलवर मी फोन वेलीवरून फिरवला.

"काडी पेन्सिलीएवढी आहे का?" त्यांनी विचारलं.

"काही ठिकाणी."

"मग खरड छाटणी मारा. बिनधास्त. दोन डोळे ठेवा, बाकी साफ."

"पण अण्णा, खरड छाटणी एप्रिलात ना?"

"एप्रिल आपल्याकडचा. तिकडं काय, सगळंच उलटं. आणि काडीला पेस्ट लावा, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. माल कधी निघतो?"

"माल नाही निघत. नुसती फुलं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग अण्णा काळजीच्या आवाजात म्हणाले, "प्रकृती बरी आहे ना तुमची?"

ह्यानंतर वोकिंग परिसरातल्या मराठी मंडळींना वेलीची बातमी लागली. बाळंतिणीला बघायला जो येई तो आधी बाळ बघे, मग मागच्या दारी जाई. बाळ कुणासारखं दिसतं ह्यावर फार मतभेद झाले नाहीत. वेलीवर झाले. एकजण म्हणाले, सगळं कापा, माझ्या मित्रानं कापलं आणि बहरलं. दुसरे म्हणाले, मुळीच कापू नका, माझ्या मित्रानं कापलं आणि गेली. दोघांचा मित्र एकच निघाला. एका बाईंनी मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखणाऱ्या ॲपला विचारलं. ॲपनं वाळक्या काड्या पाहून ८० टक्के खात्रीनं 'कुंपण' असं उत्तर दिलं. आतापर्यंतच्या मतांमध्ये हेच मला सर्वांत जबाबदार वाटलं.

मतभेद असले की आमच्याकडे समिती नेमतात आणि समिती मध्यममार्ग काढते. शेडवरच्या वेलीबाबत मी एकसदस्य समिती नेमून निर्णय घेतला, की निम्म्या फांद्या खालून कापाव्यात आणि निम्म्या ठेवाव्यात. पण क्लेमॅटिसच्या फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात, की खाली सिकेटर लावलेली काडी वर कुठे जाते ते कळत नाही. खाली एक मेलेली म्हणून कापली, आणि दोन दिवसांनी वर डोक्यापाशी आठ कोवळ्या कोंबांनी माना टाकल्या. उरलेल्या सोडवायला गेलो तर काड्या कटाकट मोडल्या. शिवाय तिच्या रसानं हाताला खाज सुटली. हिनं खोबरेल लावता लावता विचारलं, "काय पिकवताय तुम्ही नक्की?"

छाटणीनंतर बदलीसत्र. पेट्यांमागची वेल तिथं फुलणं शक्य नव्हतं, तिला उन्हात आणणं प्रशासकीय कारणास्तव आवश्यक होतं. पुस्तक म्हणतं की क्लेमॅटिसची बदली हिवाळा सरताना, वेल झोपेत असताना करावी. कोवळ्या वयाची असेल तर मुकाट जाते. जुनी, मुरलेली असेल तर मनाला लावून घेते. म्हातारी वेल हलवण्यापेक्षा नवी आणा, असाही शेरा आहे. ही बाब मी बदल्यांची यादी करताना वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या निदर्शनाला आणली होती. कुणी ऐकलं नव्हतं.

खणायला लागलो आणि कळलं की घर बांधताना उरलेलं सगळं सामान कंत्राटदारानं त्या कोपऱ्यात पुरलं होतं. विटांचे तुकडे, एक नळी, चहाचा अर्धा कप. त्यातून वेलीनं मुळं खोल नेली होती. मातीचा गोळा शाबूत ठेवून काढा, असं पुस्तक सांगतं. ज्यानं हे लिहिलं त्याच्या बागेत माती असणार. माझा गोळा निम्म्यात फुटला. जावई मदतीला आले, त्यांनी उरलेला निम्मा फोडला. "बाबा, हे चालेल ना?" त्यांनी हातात मुळांचा झुपका धरून विचारलं. मी, ज्या सुरात अर्जदारांना सांगत असे त्याच सुरात म्हणालो, "होऊन जाईल."

नवी जागा ठरेपर्यंत वेलीला कुंडीत प्रतिनियुक्तीवर पाठवलं. क्लेमॅटिसची कुंडी किमान ४५ सेंटिमीटर खोल आणि तेवढीच रुंद लागते. रोप पूर्वीपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर जास्त खोल बसवायचं, म्हणजे वर काही बरंवाईट झालं तरी जमिनीखालचे डोळे शाबूत राहतात. अशी एकच कुंडी घरात होती आणि तिच्यावर हिचा मेथीसाठी डोळा होता. कुंडीच्या ताब्यावरून आमच्यात जो पत्रव्यवहार झाला तो इथं देत नाही. शेवटी पुस्तकच हिच्या मदतीला धावलं. क्लेमॅटिसला डोकं उन्हात आणि पाय सावलीत लागतात. बुंध्याशी एखादं बुटकं रोप लावावं म्हणजे मुळं थंड राहतात, असं स्पष्ट छापलं होतं. हिनं ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वेलीच्या पायाशी मेथी पेरली.

डोकं उन्हात ठेवायचं म्हणजे इंग्लंडात आधी ऊन आणायला हवं. ते आपल्या हातात नव्हतं, म्हणून मी पायांवर लक्ष केंद्रित केलं. शेडमागे सापडलेली जुनी कौलं दाराजवळच्या लाडक्या हिरव्या वेलीच्या मुळांवर मांडली. शेडवरच्या वेलीला कौलं पुरेनात, तेव्हा स्वयंपाकघरातली एक काळी दगडी पाटी नेऊन ठेवली. पाहुणे आल्यावर कळलं की जावई तिच्यावर चीज मांडतात. मेथी दोन पानांवर आली त्या रात्री गोगलगायींनी खाल्ली. सकाळी ही म्हणाली, "पाय सावलीत राहिले हो, पण गोगलगायींचे."

एप्रिलात पानं आली, तशी माझी करमणूक वाढली. क्लेमॅटिस चढते ती पानांच्या देठांनी. देठाला बारीक काही लागलं की तो त्याभोवती वळतो. जाडजूड बांबू दिला तर तिच्या मिठीत मावत नाही, बारीक तार नाहीतर जाळीच लागते. डार्विनसाहेबांनी वेली कशा चढतात ह्यावर पुस्तक लिहिलं आहे आणि त्यात क्लेमॅटिसच्या देठांना काडीनं घासून ते वळतात का हे पाहिलं आहे. उत्क्रांतीचा एवढा व्याप मागे असताना त्यांना वेळ मिळाला, मला तर काहीच व्याप नव्हता. मी आगपेटीतली काडी घेऊन एका देठाला हळूहळू घासत बसलो. खिडकीतून हिचा आवाज आला. "अहो, हात हलवायचाच असेल तर इकडे पाळणा आहे."

मे महिन्यात कुंपणापलीकडून मोंटाना आली. साहेबांची ही वेल खरी वर्ग एक. फिकट गुलाबी फुलांनी मढलेली, दहा मीटर सहज जाणारी, साहेबांची शेड गिळून झाल्यावर आता आमच्या बाजूला जागा शोधत असलेली. साहेब ओशाळून म्हणाले, "फार आक्रमक आहे हो. कुंपणाच्या तुमच्या बाजूचं तुम्ही कापू शकता. कायदा तसा आहे."

"मग कापलेल्याचं काय करायचं?"

"ते कायद्यानं माझं. पण मला नको आहे."

मी त्यांना सांगितलं की ही वेल आमच्याकडची, हिमालयातली. लॉर्ड ॲमहर्स्ट गव्हर्नर जनरल होते, त्यांच्या पत्नीनं ती हिंदुस्थानातून आणली आणि १८३१ पासून ती ब्रिटनमध्ये आहे. मला सहा महिन्यांवर एक दिवस राहता येत नाही, विमानतळावर परतीचं तिकीट दाखवावं लागलं. ह्या वेलीनं आजवर कुणाला काही दाखवल्याचं दिसत नाही. साहेब बराच वेळ मगमध्ये बघत राहिले. मग म्हणाले, "क्षमा करा," आणि आत गेले. कशाबद्दल, ते कळलं नाही. एकदम सगळ्याबद्दलच असावी.

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या एका मित्रानं फोटो पाहून कळवलं, की पावसाळ्यानंतर सह्याद्रीत झुडपांवर जी मोरवेल, रानजाई पांढरी फुलते ती हिची सख्खी नातलग. "तिची छाटणी कधी करतात?" मी विचारलं. "कोण करणार?" त्यानं उलट विचारलं. ही माहिती मी वहीत नोंदवली नाही. शाखेत तिचा काही उपयोग नव्हता.

आणि मग शेडवरची फुलली. मी ठेवलेल्या निम्म्या फांद्यांवर तळहाताहून मोठी फुलं आली, फिकट गुलाबी, प्रत्येक पाकळीच्या मध्यावर गडद पट्टा. 'नेली मोझर', वर्ग दोन. पट्टीवरचा 'आर' सार्थकी लागला. मित्रानं आणखी एक गुपित सांगितलं, की क्लेमॅटिसला पाकळ्याच नसतात. दिसतात ती निदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. पाकळ्यांची पदं रिक्त आहेत आणि निदलं अतिरिक्त कार्यभार सांभाळतात. आमच्या कचेरीतही अर्धा कारभार असाच चाले, पण इतका देखणा कधी दिसला नाही. मी फोटो काढून तासगावला पाठवला. अण्णांनी उत्तर दिलं, "छान. भाव काय?"

जूनमध्ये एका सकाळी पाहतो तर फुलांसकट फांद्यांनी माना टाकलेल्या. पानं काळी, देठ काळे. रात्रीपर्यंत कामावर असलेला माणूस सकाळी वैद्यकीय रजेचा अर्ज पाठवतो, तसं. साहेब कुंपणाशी आले, टोपी काढली. "मर," ते हळू आवाजात म्हणाले. "बुरशी. मोठ्या फुलांच्या जातींना होते. जमिनीपर्यंत कापा आणि वाट बघा." अवलंबून आहे, असं ते म्हणाले नाहीत. त्यावरून प्रसंगाचं गांभीर्य माझ्या लक्षात आलं.

ही मात्र शांत होती. "येईल त्याला बाहेर नेऊन दाखवत होता. दृष्ट लागली," ती म्हणाली. बाळाची दृष्ट काढायची होतीच. मीठ-मोहऱ्या-मिरच्या बाळावरून, मग बाहेर येऊन वेलीवरून ओवाळल्या गेल्या आणि स्वयंपाकघरात तव्यावर पडल्या. पुढच्या क्षणी छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागला. बाळ जागं झालं, जावई टॉवेल हलवत खुर्चीवर चढले, साहेब कुंपणावरून ओरडले, "सगळं ठीक आहे ना?" ही खोकत म्हणाली, "बघा, किती लागली होती!"

मी दृष्ट लागलेलं सगळं जमिनीपर्यंत कापलं. तीनेक आठवड्यांत मातीतून दोन जाड, लालसर कोंब वर आले. हिच्या मते दृष्ट उतरली. साहेबांच्या मते पाऊस चांगला झाला. माझ्या मते श्रेय मालकीणबाईंना, कारण त्यांनी रोप खोल लावलं होतं. पण हे मी हिच्यासमोर बोललो नाही. कुंडीतली वर्ग तीन ह्या सगळ्या काळात नव्या जागी रुजू झालेली होती, पानंही होती, काम मात्र सुरू केलं नव्हतं. हलवलेली क्लेमॅटिस पहिलं वर्ष मुळांत घालवते म्हणे. बदलीवर आलेल्या माणसाचंही पहिलं वर्ष घर शोधण्यात जातंच, म्हणून मी कारणे दाखवा नोटीस काढली नाही.

राहता राहिली दाराजवळची. माझी वर्ग एक, सर्वांत आधी हजर झालेली, कौलांच्या गादीवर बसवलेली. जूनअखेर एका संध्याकाळी तिला फुलं आली. नळीसारखी, पिवळट पांढरी, गुच्छात, आणि घरभर वास. मी वही घेऊन वर्ग एकचं पान उघडलं. असलं काही त्यात नव्हतं. वर्ग दोन, वर्ग तीन, कुठंच नव्हतं. साहेब पलीकडे मग घेऊन उभे होतेच.

"काय सुंदर फुलली आहे तुमची हनीसकल!" ते म्हणाले.

"हनीसकल? क्लेमॅटिस नाही?"

"छे छे. नातं सुद्धा नाही."

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

साहेबांनी थोडा विचार केला. "फेब्रुवारीपासून. पण तुम्ही इतक्या मायेनं कौलं मांडत होता. मध्ये बोलणं बरं दिसलं नाही."

आमची निघायची वेळ आली तेव्हा मी रीतसर कार्यभार हस्तांतराचा अहवाल तयार केला. शेडवरची 'नेली मोझर' : फेब्रुवारीत हलका हात, उन्हाळ्यात टोमॅटोचं द्रवखत, रजेवर गेल्यास घाबरू नये. कुंडीतली : वर्ग तीन असल्याचा दाट संशय, फूल आल्यावर वर्ग कायम करावा, तोवर पाणी रोज. मोंटाना : शेजारच्या आस्थापनेवर, आपल्याकडे घुसखोरी केल्यास कायद्याप्रमाणे. काळी पाटी : जावयांना परत. जावयांनी दोन्ही प्रतींवर सही केली. लेकीनं बाळाला खांद्यावर घेऊन अहवाल शेवटपर्यंत वाचला.

"बाबा, सगळं लिहिलंय. पण ती हनीसकल? ती कधी छाटायची?"

"तो विषय," मी म्हणालो, "ह्या शाखेशी संबंधित नाही."